प्रस्तावना : थांबायचे किती?

१

या पुस्तकाचे मूळ एका पाणीपुरवठा योजनेत आहे. शुद्धीकरण केंद्रात मुख्य संगणक होता आणि त्याच्या हाताखाली सहा ठिकाणे होती, पहिले नदीकाठचे जॅकवेल आणि मग पाच उंच टाक्या. संगणक रेडिओ मोडेमवरून एकेका ठिकाणाला क्रमाने विचारायचा, पाणी किती, पंप चालू की बंद. उत्तर आले की पुढच्याकडे वळायचा. यातले सहावे ठिकाण दिवसातून कितीतरी वेळा पडद्यावर लाल व्हायचे. ‘कॉम फेल’. ऑपरेटरने मोटारसायकल काढून टाकीवर जावे, तर तिथे सगळे जागच्या जागी. अँटेना बदलून झाली, केबल बदलून झाली, पॅनेलमधला पॉवर सप्लाय बदलला, शेवटी मोडेमसुद्धा नवा आला. सहावे ठिकाण लाल ते लालच.

दोष पाचव्यात होता. पाचवी टाकी टेकडीआड असल्याने तिचे बोलणे रिपीटरवरून यायचे. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. १२०० बिटांच्या वेगाने एका अक्षराला, म्हणजे १० बिटांना, ८.३ मिलिसेकंद लागतात. प्रश्न ८ अक्षरांचा आणि उत्तर २५ अक्षरांचे, म्हणून नुसते बोलणेच २७५ मिलिसेकंदांचे. दोन्ही बाजूंचे रेडिओ बटण दाबल्यावर तयार व्हायला प्रत्येकी ५० घेतात, म्हणजे झाले ३७५. टाकीवरचा पीएलसी, म्हणजे तिथला नियंत्रक संगणक, उत्तर जुळवायला कधी १० घेतो, कधी ६०. थेट बोलणाऱ्या टाक्यांचे उत्तर त्यामुळे ३८५ ते ४३५ मिलिसेकंदांत पुरे व्हायचे. पाचवीच्या वाटेत रिपीटर होता. जाताना ५०, येताना ५०. तिचे उत्तर ४८५ ते ५३५ मध्ये. आणि मुख्य संगणकाची थांबण्याची मर्यादा, म्हणजे टाइमआउट, होती ५००.

पाचवी टाकी कधी वेळेत उत्तर द्यायची, कधी जरा उशिरा. उशीर झाला की संगणक तिचा नाद सोडून सहावीला हाक मारायचा, त्याच क्षणी पाचवीच्या उत्तराचे शेपूट हवेत असायचे, आणि दोन्ही आवाज एकाच लहरीवर एकमेकांवर आदळायचे. पाचवी लांबची म्हणून तिच्या अधूनमधून गळण्याची सगळ्यांना सवय झाली होती, तिची नोंदही कोणी घेत नसे. सहावी मात्र डोळ्यांसमोर होती, केंद्राच्या गच्चीवरून दिसायची. ती का गप्प होते हेच कोणाला उमगत नव्हते. चूक शेजारणीची आणि बोलणी हिला.

५०० च्या जागी ८०० लिहिले आणि प्रश्न मिटला. खर्च काही नाही. ठिकाणे वेळेत बोलत असतील तोवर या जास्तीच्या ३०० मिलिसेकंदांची झळही लागत नाही, कारण उत्तर आले की संगणक लगेच पुढे जातो. एखादे ठिकाण खरेच बंद पडले तरच फेरीमागे ३०० मिलिसेकंद वाया जातात.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. दळणवळणात वेगाची चर्चा सगळे करतात, दुकानदारापासून जाहिरातीपर्यंत. भरवसा मात्र पुष्कळदा दुसऱ्याच आकड्यावर उभा असतो : समोरच्याची वाट किती पाहायची. हा आकडा कोणीतरी, कुठेतरी, आपल्या लाइनवर पारखून ठरवलेला असतो आणि पुढे तो ‘डिफॉल्ट’ म्हणून जगभर जातो. त्या ५०० मध्ये चूक काहीच नव्हती. तो आकडा फक्त टेकडी नसलेल्या गावाचा होता.

२

मोडेम म्हणजे आकड्यांचे आवाजात आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी पेटी, एवढी ओळख बहुतेकांना असते. या पेटीतल्या वेळेच्या सेटिंगांचा पसारा पहिल्यांदा पाहणारा गांगरतो, कारण तिथे मायक्रोसेकंदांपासून मिनिटांपर्यंतचे आकडे एकाच यादीत शेजारी शेजारी बसलेले असतात. नवख्याने ते तीन मजल्यांवर वाटून घ्यावेत.

तळमजला बिटांचा. दोन्ही टोकांची घड्याळे वेगवेगळी, त्यांना बांधणारी दोरी नाही. जुन्या टेलिप्रिंटरने यावर काढलेला उपाय आजही चालतो : प्रत्येक अक्षराआधी एक स्टार्ट बिट, शेवटी एक स्टॉप बिट. स्टार्ट बिटाच्या कडेवर ऐकणारा आपले घड्याळ शून्यावर आणतो आणि पुढचा प्रत्येक बिट त्याच्या मध्यावर तपासतो. घड्याळांत फरक असेल तर चूक बिटागणिक साचत जाते, आणि दहाव्या बिटाच्या मध्यापर्यंत ती अर्ध्या बिटाहून कमी राहिली पाहिजे. साडेनऊ बिटांत अर्धा बिट, म्हणजे दोन्ही घड्याळांचा मिळून जेमतेम ५ टक्के. लाइनवरच्या विकृतीसाठी त्यातलाही वाटा राखून ठेवावा लागतो. उन्हात तापलेल्या पॅनेलमध्ये स्वस्तातले घड्याळ सरकले की दुपारीच का चुका होतात, याचे उत्तर या मजल्यावर सापडते.

मधला मजला अक्षरांचा आणि त्यांच्या पुडक्यांचा, म्हणजे फ्रेमचा. पुडके कुठे संपले हे कसे कळायचे? पाठवण्याची परवानगी मागितल्यावर ती किती वेळाने मिळावी? वाहक लहर ऐकू आली तर ती खरी आहे असे किती वेळाने मानावे, आणि गेली तर किती वेळाने फोन ठेवावा? हे सगळे मिलिसेकंदांचे किंवा सेकंदाच्या दहाव्या भागांचे व्यवहार.

वरचा मजला संभाषणाचा. फोन लावल्यावर किती सेकंद वाट पाहायची, उत्तर नाही आले तर पुन्हा कधी विचारायचे, किती वेळा विचारायचे, आणि कधी हात टेकायचे.

बहुतेक घोटाळे होतात ते मजल्यांच्या जिन्यावर. वरच्या मजल्यावरचा माणूस मर्यादा ठरवताना खालच्या दोन मजल्यांची बेरीज करत नाही. आमच्या सहाव्या टाकीचे नेमके हेच झाले होते.

३

वेळा जुळवण्याच्या या विद्येचा इतिहास मोडेमपेक्षा जुना आहे. फ्रेंच तारयंत्रज्ञ एमिल बोदो याने १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात एकाच तारेवर अनेक जण पाळीपाळीने संदेश पाठवत. कारकुनाला ठरलेल्या ठेक्यातच बोटे दाबावी लागत. ठेका चुकला की अक्षर शेजाऱ्याच्या पाळीत. वेगाच्या ‘बॉड’ या एककात बोदोचे नाव राहिले आहे. बॉड म्हणजे सेकंदाला किती वेळा लाइनवरची खूण बदलते ते. एका बदलात अनेक बिट बसवता येतात, म्हणून बॉड आणि बिट यांची गल्लत करू नये. पुढे २४०० बिटांचे मोडेम आले, ते लाइनवर ६०० बॉडनेच चालत.

फोनच्या तारेवरून संगणकांचे बोलणे मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते १९५०च्या दशकात, अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेसाठी. १९६२ मध्ये बेलचा १०३ क्रमांकाचा मोडेम आला. सेकंदाला ३०० बिट, एका दिशेला एक सुरांची जोडी, दुसऱ्या दिशेला दुसरी. फोनची व्यवस्था माणसांच्या बोलण्यासाठी बांधलेली होती, आणि मोडेमला तिथे पाहुण्यासारखे वागावे लागले. उत्तर देणारा मोडेम फोन उचलल्यावर सुमारे दोन सेकंद मुद्दाम गप्प राहतो, कारण त्या वेळात एक्स्चेंजला बिलाचे आपले इशारे आटपायचे असतात. मग तो २१०० हर्ट्झचा लांब सूर लावतो. लांब पल्ल्याच्या लाइनवर माणसाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ नये म्हणून प्रतिध्वनी दाबणारी यंत्रे बसवलेली असत. ती एका वेळी एकाच दिशेला बोलू देत. हा सूर ऐकला की ती बाजूला होत. डायल-अपच्या जमान्यातल्या ज्या किंचाळीला लोक कंटाळत, ती म्हणजे अशा शिष्टाचारांची एक रांग होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला ठरलेली वेळ होती.

१९६५च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत रॉबर्ट लकी याने लाइनचा स्वभाव ओळखून स्वतःला जुळवून घेणारा इक्वलायझर मांडला. १९८२ मध्ये गॉटफ्रीड उंगरबॉक याने ट्रेलिस पद्धतीचे संकेतन जगापुढे ठेवले. त्यानंतर वेग झपाट्याने चढले : १९८४ मध्ये ९,६००, १९९१ मध्ये १४,४००, १९९४ मध्ये २८,८००, आणि १९९८ मध्ये एका दिशेला ५६,००० च्या जवळ. वेगाची ही कहाणी पुष्कळांनी लिहिली आहे. आपल्या कामाची घटना मात्र १९८१ ची आहे. त्या वर्षी डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांच्या कंपनीचा ‘स्मार्टमोडेम’ बाजारात आला. तोवर मोडेमच्या सवयी सर्किटात गोठवलेल्या असत. या मोडेमला अक्षरांत हुकूम देता येत, ‘एटी’ने सुरू होणारे, आणि त्याच्या वेळा ‘एस रजिस्टर’ नावाच्या कप्प्यांत लिहिता येत. वाट पाहण्याचा काळ प्रथमच सामान्य वापरणाऱ्याच्या हातात आला.

हे कप्पे पाहण्यासारखे आहेत. एस६ म्हणजे फोन उचलल्यावर डायल करण्याआधी किती थांबायचे. एस७ म्हणजे समोरच्या मोडेमच्या लहरीची वाट किती सेकंद पाहायची. एस८ म्हणजे नंबरातल्या एका स्वल्पविरामाला किती सेकंद मोजायचे. ऑफिसच्या बोर्डावरून शून्य दाबून बाहेरची लाइन घेणाऱ्या मोडेमला हा स्वल्पविराम नसेल तर तो नंबराचे पहिले आकडे लाइन मिळण्याआधीच दाबून मोकळा होतो. एस९ आणि एस१० ही जोडी सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजली जाते : लहर किती वेळ टिकली की खरी मानायची, आणि किती वेळ गेली की फोन ठेवायचा. एस१० सहसा १४ असे, म्हणजे १.४ सेकंद. ‘कॉल वेटिंग’च्या टुकटुकीने ज्यांची जोडणी तुटायची त्यांनी हा आकडा वाढवावा असा सल्ला जाणकार देत. एस१२ हा सर्वांत चतुर. जोडणी चालू असताना मोडेमला हुकूम द्यायचा तर अधिकचे चिन्ह तीनदा लिहायचे, पण त्याच्या आधी आणि नंतर पूर्ण एक सेकंद शांतता हवी. तीच तीन चिन्हे पत्रातल्या मजकुरात आली तर मोडेमने ती निमूट पुढे पाठवायची. एस१२ मध्ये ५० लिहिलेले असे, सेकंदाचे पन्नासावे भाग पन्नास. या शांततेचेच हेज कंपनीने पेटंट घेतले. ज्यांना परवान्याचे पैसे द्यायचे नव्हते त्यांनी शांततेची अट नसलेले मोडेम काढले, आणि मग खोडकर मंडळी तीन अधिकांपुढे फोन ठेवण्याचा हुकूम जोडून मजकूर पाठवत व समोरच्याची जोडणी तोडत.

४

या क्षेत्रातले वाद बाहेरून फार तांत्रिक वाटतात. त्यांच्या तळाशी तीनच प्रश्न आहेत, आणि प्रत्येक प्रश्नावर दोन घराणी.

पहिला प्रश्न, शांततेला अर्थ द्यायचा का? एक घराणे म्हणते, द्यायचा. हेजची ती एका सेकंदाची शांतता हा त्याचा एक नमुना. दुसरा नमुना मॉडबस आरटीयू, म्हणजे मोडिकॉन कंपनीची १९७९ ची, कारखान्यांत आणि पंपघरांत आजही रोज चालणारी बोली. तिच्यात पुडके संपल्याची खूण नाही. साडेतीन अक्षरांएवढी शांतता पडली की पुडके संपले. ९,६०० वेगाला, अक्षर ११ बिटांचे धरले तर, ही शांतता ४ मिलिसेकंदांची. पद्धत सुटसुटीत आहे, पण मधल्या मोडेमने पुडके दोन तुकड्यांत दिले आणि तुकड्यांत ५ मिलिसेकंदांची फट पडली, की ऐकणाऱ्याला एकाच्या जागी दोन अर्धवट पुडकी दिसतात. दुसरे घराणे शांततेवर विसंबत नाही. ते पुडक्याच्या दोन्ही टोकांना ठरावीक बिटांची खूण लावते. एचडीएलसी आणि त्याची भावंडे या घराण्यातली. जास्तीचे बिट खर्ची पडतात, पण वाटेतल्या उशिराने गोंधळ होत नाही.

दुसरा प्रश्न, पोच मिळाल्याशिवाय पुढे जायचे का? शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्तेन्सन यांनी १९७७ मध्ये लिहिलेला एक्समोडेम १२८ बाइटचा ठोकळा पाठवून पोच येईपर्यंत थांबे. गावातल्या लाइनवर हे छान चाले. उपग्रहावर ठोकळा पाठवून पाहू. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंच, म्हणून संदेश जाऊन पोच यायला सुमारे अर्धा सेकंद. ९,६०० वेगाला आगापिछा धरून १३२ बाइटचा ठोकळा ०.१४ सेकंदात संपतो. म्हणजे लाइन पाचातले चार हिस्से रिकामी बसते आणि बिल पूर्ण येते. १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जन्मलेला कर्मिट पुढे एकाच वेळी अनेक पुडकी वाटेत ठेवायला शिकला, आणि १९८६ मध्ये चक फोर्सबर्ग यांचा झेडमोडेम आला, तो अखंड पाठवत राहायचा आणि तक्रार आली तरच मागे वळायचा. एक घराणे सावध, दुसरे विश्वासाने चालणारे. वाईट लाइनवर सावध जिंकते, लांब लाइनवर दुसरे.

तिसरा प्रश्न या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा : थांबण्याचा आकडा माणसाने ठरवायचा की यंत्राने शिकायचा? १९७१ मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांच्या ‘अलोहा’ जाळ्यात सगळी केंद्रे एकाच रेडिओ लहरीवर मनात येईल तेव्हा बोलत. टक्कर झाली तर प्रत्येकाने वेगवेगळा, यादृच्छिक काळ थांबायचे. सगळे सारखेच थांबले तर पुन्हा एकत्रच बोलणार, हे त्यामागचे साधे शहाणपण. गणित सांगते की अशा मोकळ्या पद्धतीत लहरीचा फार तर १८ टक्के वेळ कामी येतो. बोलण्याच्या वेळा ठरावीक खणांत बसवल्या तर हाच आकडा दुप्पट होतो.

त्यानंतरचा धडा १९८६ चा आहे. अमेरिकेतल्या बर्कलीत ४०० यार्डांवर असलेल्या दोन संस्थांमधला वेग ऑक्टोबरमध्ये एकाएकी ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. गर्दीमुळे उशीर होत होता, पाठवणाऱ्या यंत्रांना वाटत होते पुडकी हरवली, आणि ती तीच पुडकी पुन्हा पुन्हा पाठवून गर्दीत भर घालत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावरचे उपाय मांडले. त्यातला एक असा : यंत्राने प्रत्येक फेरीला लागलेला वेळ मोजावा, त्याची सरासरी आणि चढउतार दोन्ही लक्षात ठेवावेत, आणि मर्यादा सरासरीच्या वर, चढउताराच्या पटीत ठेवावी. चुकले की पुढची प्रतीक्षा दुप्पट करावी. आजचे इंटरनेट या शिकण्यावर चालते. पण पंपघरातला पीएलसी शिकत नाही. तिथे जेकबसनचे काम माणसालाच करावे लागते, आणि चढउतार मोजण्याची त्याची युक्ती माणसालाही तितकीच उपयोगी पडते. आमच्या पाचव्या टाकीची सरासरी ५१० होती. पण तिची खरी ओळख ४८५ ते ५३५ या पट्ट्यात होती.

५

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध केवळ वापरणाऱ्याचा नाही. पुणे जिल्ह्यातल्या आर्वीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रम भूकेंद्र उभे राहिले आणि परदेशी फोन उपग्रहावरून जाऊ लागले, त्याबरोबर अर्ध्या सेकंदाचा तो उशीरही आपल्या घरात आला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत फोनच्या लाइनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली, ‘अर्नेट’ प्रकल्पाच्या पहिल्या पावलांपैकी ते एक. १९९४ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने दलालांना उपग्रहाने जोडले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले.

आणि इथेच डिफॉल्टचा काच लोकांच्या अनुभवाला आला. अमेरिकन मोडेम ज्या डायल टोनची वाट पाहत तो ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांचा. आपला टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने घुमणारा. माणसाच्या कानाला दोन्ही टोनच, पण पुष्कळ मोडेम ‘नो डायलटोन’ सांगून फोन ठेवून देत. मग कोणीतरी ‘एटीएक्स३’ लिहायला सांगे : टोनकडे लक्ष देऊ नकोस, ठरलेले सेकंद थांब आणि डायल कर. जुन्या एक्स्चेंजला सूर कळतच नसत, तिथे ‘एटीडीपी’ने ठोके मोजत नंबर फिरवावा लागे. सेकंदाला दहा ठोके, म्हणजे एका शून्यालाच एक सेकंद, वर दोन आकड्यांमधली फट. सात आकडी नंबराला दहाएक सेकंद जात. त्यात एसटीडीची जोडणी, पलीकडची घंटी, ते दोन सेकंदांचे मौन, लांब सूर आणि दोन मोडेमांची ओळखपरेड. एस७ मध्ये ३० लिहिलेले असेल तर समोरचा मोडेम सूर लावत असतानाच आपला ‘नो कॅरिअर’ म्हणून निघून जाई. रात्री अकरानंतर, कमी दराच्या वेळात, घरोघर हे चाले, आणि पुष्कळांनी त्यासाठी लाइनमनला बोल लावला. ६० लिहिले असते तर भागले असते.

कोल्हापूरजवळच्या वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाने सुमारे ७० गावांतल्या ऊस उत्पादकांपर्यंत संगणक नेला. पुढे २०००च्या दशकात मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने त्यातल्या काही गावांत संगणकाच्या जागी एसएमएस करणारा मोबाइल ठेवून पाहिला. वेळेच्या दृष्टीने यात मोठा धडा आहे. डायल-अप हे बोलणे आहे, दोघांनी एकाच क्षणी हजर असावे लागते. एसएमएस ही चिठ्ठी आहे. उसाचे वजन कळायला दोन मिनिटे उशीर झाला तर कोणाचे अडत नाही. एखाद्या कामाला क्षणाक्षणाचे बोलणे हवे आहे की चिठ्ठी पुरेल, हे आधी ठरवले तर निम्मी सेटिंगे लावावीच लागत नाहीत.

६

डायल-अप गेला, मग आज हे पुस्तक कशाला, असे मला प्रकाशकांनीही विचारले. उत्तर सोपे आहे. मोडेम दिसेनासा झाला म्हणजे गेला असे नाही. विजेच्या मीटरमध्ये, शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये, एटीएममध्ये तो बसला आहे, आणि त्यातल्या ४जी मॉड्यूलला हुकूम द्यायचे तर आजही ‘एटी’ने सुरुवात करावी लागते. १९८१ ची बोली आता मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकांत आहे.

वेळाही नव्या नावांनी आल्या आहेत. जीएसएममध्ये टॉवर दूरच्या फोनला ‘जरा आधी बोल’ असे सांगतो, म्हणजे त्याचे बोलणे नेमके आपल्या पाळीत पोहोचते. ही दुरुस्ती ० ते ६३ पायऱ्यांची, एक पायरी साधारण ५५० मीटरची, म्हणून ३५ किलोमीटरच्या पलीकडे सिग्नल ऐकू आला तरी साध्या व्यवस्थेत बोलता येत नाही. बोदोच्या कारकुनाचा ठेकाच हा. लोरावॅन या लांब पल्ल्याच्या रेडिओ जाळ्यावरचे उपकरण संदेश पाठवल्यावर १ सेकंदाने आणि २ सेकंदांनी थोडा वेळ कान उघडते, एरवी बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेले असते. त्याला निरोप द्यायचा तर तेवढीच फट. एनबी-आयओटी या उपकरणांसाठीच्या मोबाइल जाळ्यात मॉड्यूलने किती वेळ जागे राहायचे आणि किती तासांनी हजेरी लावायची हे दोन टाइमर ठरवतात.

जुन्या चुकाही नव्या कपड्यांत आल्या आहेत. मॉड्यूलला क्षीण सिग्नलच्या जागी नेटवर्क शोधायला मिनिटभराहून जास्त लागते, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवलेले असते की ३० सेकंदांत नेटवर्क नाही तर मॉड्यूल बंद करून पुन्हा चालू करायचे. ते बिचारे दर वेळी अर्ध्या वाटेवरून घरी परतते. एस७ च्या ३० चीच ही पुनरावृत्ती. शेकडो उपकरणांनी रात्री १२ च्या ठोक्याला आकडे पाठवायचे असे कोणी ठरवले की सगळी एकमेकांच्या अंगावर पडतात, मग सगळी पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतात आणि पुन्हा पडतात. अलोहाने यादृच्छिक थांबणे १९७१ मध्येच शिकवले होते.

७

मराठीत या विषयावर लिहायला बसलो तेव्हा वाचक डोळ्यांसमोर स्पष्ट होता. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला, पॅनेल उघडून मल्टिमीटर लावणारा, मॅन्युअलचे इंग्रजी कसेबसे पार करणारा, आणि रात्री दोनला ‘साहेब, कॉम फेल’ असा फोन घेणारा माणूस. त्याला यादी नको आहे, याद्या मॅन्युअलमध्ये भरपूर आहेत. त्याला हवा आहे आकड्यामागचा हिशेब, म्हणजे मॅन्युअल हाताशी नसतानाही तो स्वतः आकडा काढू शकेल.

म्हणून या पुस्तकात कुठेही ‘हे सेटिंग इतके ठेवा’ असे एका ओळीत मिळणार नाही. प्रत्येक ठिकाणी आधी बेरीज मांडली आहे : बिट किती, वेग किती, रेडिओ तयार व्हायला किती, पीएलसीला किती, रिपीटरचे किती. मग मोजमाप, कारण बेरीज म्हणजे अंदाज आणि लाइन त्याहून हट्टी असते. मग मर्यादा, आणि शेवटी ती फार मोठी ठेवली तर काय बिघडते त्याचा विचार. थांबणे फुकट नसते. मृत ठिकाणाची वाट पाहताना जिवंत ठिकाणे खोळंबतात, आणि पुराच्या रात्री जॅकवेलची पातळी एक मिनिट उशिरा कळणे परवडत नाही. घाई करणारा चांगल्या ठिकाणाला बंद ठरवतो, अति धीर धरणाऱ्याला बंद ठिकाण उशिरा कळते. या दोहोंमधली जागा प्रत्येक लाइनला वेगळी असते.

फायबर, उपग्रह आणि ५जी यांच्या आतल्या वेळांना मी फक्त स्पर्श केला आहे. त्या वापरणाऱ्याच्या हातात नसतात. जे कप्पे आपल्याला उघडता येतात तेवढ्यांवरच मुक्काम ठोकला आहे. शब्दांच्या बाबतीतही हट्ट धरलेला नाही. टाइमआउटला मी टाइमआउटच म्हटले आहे, कारण साइटवर तेच म्हणतात.

वाचकाकडे एकच मागणी आहे. पुस्तकाबरोबर एक वही ठेवावी आणि तिच्यात प्रत्येक ठिकाणापुढे तीन रकाने आखावेत : सर्वांत लवकर आलेले उत्तर, सर्वांत उशिरा आलेले उत्तर, आणि लावलेली मर्यादा. आठवडाभर भरले की पुस्तकातल्या बहुतेक प्रकरणांचा अर्थ आपोआप लागू लागेल.

त्या पाणीपुरवठा केंद्रात मी गेल्या पावसाळ्यात पुन्हा गेलो होतो. पॅनेलमधला मोडेम बदलला आहे, ऑपरेटरही दुसरा आहे. पॅनेलच्या दारावर आतल्या बाजूला, आधीच्या ऑपरेटरने मार्करने लिहिलेले मात्र अजून आहे : ‘टाइमआउट ८००. कमी करू नये. टाकी ५ उशिरा बोलते.’ नव्या मोडेमला ८०० लागतात का, असे मी विचारले. नवा ऑपरेटर म्हणाला, ‘माहीत नाही, पण खाली कारण लिहिलंय ना, म्हणून आधी पाचवीला मोजलं.’ आणि त्याने मला आपली वही दाखवली.